हजर मयत

मुयनाकच्या पुढं, जिथं समुद्राचा तळ उघडा पडलाय
आणि त्यावर साक्सौलची झुडपं माजलीत,
तिथं आजोबांची बोट कलंडलेली.
नाव पुसलंय. आकडा तेवढा शाबूत: सात.
मी नुकुसहून गॅस कटर घेऊन आलो होतो,
भंगारवाल्याशी किलोचा भाव ठरवून.

आजोबा म्हणाले, थांब. मुल्लाला बोलावलंय.

ओरिनबाय मुल्ला मोपेडवरून आले,
दाढीत मीठ. खरंखुरं, वाऱ्यानं आणलेलं.
"कोण गेलं, कुतलीमुरात?"
"समुद्र गेला. जनाज्याची नमाज पढा."

मुल्ला हसले नाहीत.
चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.
"आपल्याकडं मयत समोर लागतं.
गैरहजर मयताची नमाज आपण पढत नाही.
दाखव, कुठंय?"

आजोबांनी क्षितिजाकडं हात केला.
मग पायाखाली.
मग तो हात तसाच राहिला अधांतरी,
कुठं ठेवावा न कळून.

थर्मासमधला चहा झाला, आणि वादाला तोंड फुटलं.
आजी म्हणते, धक्का कोरडा पडला त्या वर्षापासून
हा एकच वाद चालू आहे, फक्त दात कमी होत गेले.

"नद्या माणसांनी वळवल्या. कापसासाठी.
नकाशावर पेन कुणी चालवलं? खुदानं?"

"एकच पेन होतं, मुल्ला.
नुसती शाई वाळली असती तरी भागलं असतं.
एवढंही जमू नये त्याला?"

"ते पेन अडवायचं, तर तुझा हातही अडवायला हवा होता.
इथले मासे संपले तरी कारखाना चालूच होता ना?
परक्या समुद्रांचे मासे आगगाडीनं यायचे, गोठलेले,
आणि तू डबे भरायचास."

"भरले. पदकही घेतलं.
माझा हिशेब लाव, माझी तक्रार नाही.
पण आयसानेम? पाच वर्षांची पोर.
अंगात रक्त म्हणून नव्हतं तिच्या.
तिनं कुठलं पेन धरलं होतं?"

मुल्लांकडं उत्तर होतं.
मला दिसलं ते ओठांवर आलेलं,
पाठ असलेलं, चांगलं उत्तर.
त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.
त्या एका घोटासाठी
मी त्यांना पुढं बरंच काही माफ केलं.

बऱ्याच वेळानं, हळू:
"तिथं भेटेल ती. वाहत्या नद्या आहेत तिथं."
"मासे?"
"असतील."
"मरतात का?
मरत नसतील तर मी जाळं घेऊन काय करू?
मरत असतील, तर तो स्वर्ग माशांचा नव्हे."

आजी, बीबीझादा, ट्रकच्या टायरवर बसून खरबूज कापत होती.
"तुम्हा दोघांना आत कोण घेतंय ते आधी बघा," ती म्हणाली.
"मला एवढंच सांगा.
कयामतीला सगळे मेलेले उठणार ना?
मग हाही उठेल.
नातवानं नवं घर बांधलंय ते कुठं? ह्याच्या पोटात.
हा उठला तर त्या घराचं काय?
पाळण्यात तान्हं आहे तिथं."

कुणी काही बोललं नाही.
खरबुजाचा रस वाळूत सांडला
आणि वाळूनं तो विचारलं नसताना प्यायला.

मग मुल्ला उठले, बोटीला सामोरे झाले,
टोपी नीट केली आणि उभे राहिले.
पढले की नाही, मी सांगू शकत नाही.
जनाज्याच्या नमाजेत वाकत नाहीत.
नुसत्या उभ्या माणसाकडं पाहून
कळत नाही.

"काप," परत येऊन म्हणाले.
मी कटर पेटवला.
"सातापासून नको," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.